मूल नाही, मग मृत्युपत्र कशाला?

"तुम्ही दोघंच तर आहात. जो मागे राहील त्याचं सगळं." मृत्युपत्राचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं असायचं. नातेवाईक म्हणायचे, बँकेतले ओळखीचे म्हणायचे, आणि एका मर्यादेपर्यंत ते खरंही आहे. मागे राहणाऱ्याला बहुतेक सगळं मिळतं. पण मागे राहणाराही कधीतरी जाणारच, आणि त्यानंतर काय, हे विचारल्यावर मात्र कोणाकडे उत्तर नव्हतं.

मी ५७ वर्षांची, नवरा ६१ वर्षांचा. दोघांनी आयुष्यभर नोकरी केली. राहता फ्लॅट दोघांच्या नावावर. माझ्या ठेवी, भविष्य निर्वाह निधी, थोडे म्युच्युअल फंड. त्याचंही साधारण तसंच. शिवाय त्याच्या गावाकडच्या शेतीत त्याचा हिस्सा आणि माझ्या बाबांच्या घरात माझा. बाबा मृत्युपत्र न करता गेले, त्यामुळे आई, मी आणि धाकटी बहीण अशा तिघींचे समान हिस्से झाले. त्याच्या बाजूला मोठे भावजी आणि नणंद. सासू-सासरे आता नाहीत. माझी आई आहे, ८४ वर्षांची, आणि तिचं सगळं बहीणच बघते.

ओळखीतून एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी आमची हकिकत ऐकून घेतली, एक कोरा कागद पुढ्यात ओढला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "यांचं सोपं आहे. आधी तुमचं बघू." मला वाटलं होतं उलट असेल. शेती, सातबारा, भावंडं हे सगळं त्याच्याकडे. माझ्याकडे काय, पगारातून साठवलेला पैसा.

हिंदू वारसा कायदा १९५६ चा. (बौद्ध, जैन आणि शीख मंडळींनाही तोच लागतो. मुस्लिम कायद्यात साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने देता येत नाही; गोव्यातले नियम आणखी निराळे.) या कायद्यात पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर वारस कोण याचं एक कलम आहे आणि बाई गेली तर दुसरं. बाईसाठीचं ते कलम १५. त्यात बाईची मालमत्ता आधी मुलं आणि नवरा यांना जाते. ते कोणी नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. तेही नसतील तर मग तिच्या आईवडिलांना. म्हणजे स्वतः कमावलेल्या पैशाच्या रांगेतसुद्धा बाईची आई नवऱ्याच्या भावा-बहिणींच्या मागे उभी.

वकीलबाईंनी कागदावर तीन चौकोन काढले. एकात "स्वतःची कमाई", दुसऱ्यात "नवऱ्याकडून आलेलं", तिसऱ्यात "माहेरहून वारसाने आलेलं". मूल नसलेल्या बाईचा तिसरा चौकोन तेवढा वेगळ्या वाटेने जातो: आईवडिलांकडून वारसाने आलेली मालमत्ता परत वडिलांच्या वारसांकडे. बाबांच्या घरातला माझा हिस्सा म्हणजे आई आणि बहिणीकडे. तो नवऱ्यालाही मिळत नाही, लग्नाला कितीही वर्षं झाली असोत. तिथे कायद्याने आपणहून माझ्या मनासारखं करून ठेवलं होतं.

मग त्यांनी गणितं मांडायला सुरुवात केली. मी आधी गेले तर माझी कमाई नवऱ्याला. मग तो गेला की त्याचे जवळचे वारस नाहीत म्हणून भाऊ आणि बहीण. तो आधी गेला तर त्याचं सगळं मला. मग मी गेले की त्याच्याकडून आलेलं त्याच्या वारसांना, आणि माझी स्वतःची कमाईही त्याच्याच वारसांना. पुन्हा भाऊ आणि बहीण. नवऱ्याने विचारलं, दोघं एकदम अपघातात गेलो तर? त्याचंही कलम आहे. कोण आधी गेलं हे कळायला मार्ग नसेल तर वयाने लहान असलेली व्यक्ती नंतर गेली असं धरतात. म्हणजे मी. म्हणजे पुन्हा तेच.

तिन्ही गणितांचं उत्तर एकच. माझी तीस वर्षांची नोकरी शेवटी दीर आणि नणंदेच्या घरी. बाबांचं घर सोडलं तर माझ्या आईला आणि बहिणीला काही नाही.

भावजींशी माझं वाकडं नाही, हे इथेच सांगते. नणंदेशीही नाही. पण आईचं दुखणं-खुपणं काढणारी माझी बहीण आहे आणि मी स्वतः म्हातारी झाले तर धावून येईल तीही बहिणीची मुलगीच. ज्यांचा माझ्या कमाईशी काही संबंध नाही त्यांच्याकडे ती आपोआप जावी आणि ज्यांचा आहे त्यांनी बघत बसावं, हे मला पटेना.

वकीलबाईंनी सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा एक निकाल सांगितला. नारायणी देवी नावाच्या बाईचा. १९५५ मध्ये लग्न झालं, तीन महिन्यांत नवरा गेला. सासरच्यांनी घराबाहेर काढलं. माहेरी आली, आईवडिलांनी शिकवलं, नोकरी लागली, बऱ्यापैकी पैसा साठला. १९९६ मध्ये ती मृत्युपत्र न करता वारली. आईने दावा केला, आणि नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांनीही केला. पैसा त्या भाच्यांना मिळाला. न्यायालयाने बाईच्या हालअपेष्टांची दखल घेतली, पण कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत, सहानुभूतीने ते बदलता येत नाहीत असं म्हटलं. घरी येताना नवरा गाडीत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या बाईने एक कागद लिहिला असता तर संपलं असतं."

कायदा काय देतो हे कळल्यावर आपल्याला काय हवं आहे ते ठरवायचं होतं, आणि खरा वेळ तिथे गेला. आधी नवऱ्याने तोडगा काढला: "तू तुझं तुझ्या माणसांना दे, मी माझं माझ्या माणसांना." ऐकायला छान. पण फ्लॅट दोघांचा. उद्या मी गेले आणि माझा अर्धा भाग बहिणीच्या मुलीला दिला, तर याने म्हातारपणी भाचीबरोबर भागीदारीत राहायचं? ती कितीही गुणी असली तरी तिचं लग्न होईल, तिला पैशांची गरज पडेल. घर विकायचं तर दोघांच्या सह्या लागणार.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे "तहहयात". घर भाचीला, पण नवऱ्याला तो जिवंत असेपर्यंत राहण्याचा हक्क. मला हे फार आवडलं होतं. वकीलबाईंनी त्यातली खोच दाखवली. ज्याला फक्त तहहयात हक्क दिलाय तो घर विकू शकत नाही. मुलंबाळं नसलेल्या माणसाला ७५ व्या वर्षी वृद्धाश्रमात किंवा दिवसरात्र मदतनीस असलेल्या ठिकाणी जावं लागलं तर पैसा कुठून उभा करायचा? बहुतेकांची सगळ्यात मोठी ठेव राहतं घरच असते. आणि उलट बाजूने, काही जण "माझं घर पत्नीला पूर्ण मालकी हक्काने, आणि तिच्या पश्चात पुतण्याला" असं लिहितात. तेही अडचणीचं. एकदा पूर्ण मालकी दिली की तिच्या पश्चात कोणाला द्यायचं हे ठरवायचा हक्क तिचा, तुमचा नाही. अशा वाक्यांवरून वर्षानुवर्षं खटले चालतात. "मालकी द्यायची की उपभोग द्यायचा, एक काहीतरी ठरवून या," असं सांगून त्यांनी आम्हाला परत पाठवलं.

आम्ही मालकी द्यायची ठरवलं. मागे राहणाऱ्याचे हात बांधायचे नाहीत. त्याने घर विकावं, पैसे मोडावेत, उरेल ते उरेल. पण मग माझ्या मनातला प्रश्न मी विचारूनच टाकला.

"मी गेल्यावर तू मृत्युपत्र बदललंस तर?"

"कशाला बदलीन?"

"बदलू शकतोस ना पण."

"तूही बदलू शकतेस."

जेवणाच्या टेबलावर, इतक्या वर्षांच्या संसारानंतर, आम्ही एकमेकांकडे वकिलासारखे बघत होतो. मृत्युपत्र माणूस जिवंत असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं असेल तेच खरं. दोघांनी मिळून एकच मृत्युपत्र करायचं आणि एकमेकांना बांधून घ्यायचं असा प्रकार असतो, पण एक जण गेल्यावर दुसऱ्याला तो कितपत बांधतो यावर वाद घालायला भरपूर जागा असते, म्हणून वकीलबाईंनी तो सल्ला दिला नाही. दोन माणसं, दोन स्वतंत्र मृत्युपत्रं. मग तोडगा असा निघाला की ज्याची मला खरोखर काळजी आहे ते पहिल्या मृत्यूलाच बाजूला काढायचं. आईच्या औषधपाण्यासाठी ठरावीक रक्कम बहिणीच्या हाती, माझे दागिने भाचीला, बाबांच्या घरातला हिस्सा बहिणीला. हे मी गेल्याबरोबर, नवरा हयात असला तरी. बाकी सगळं नवऱ्याला पूर्ण मालकीने. त्याच्याकडून बदलायची भीती राहते ती फक्त बाकीच्याची, आणि तेवढा विश्वास ठेवायला मला जड गेलं नाही.

बाबांच्या घराचं कायद्याने आपोआप होत होतं, तरी लिहिलं. उद्या ते घर विकून पैसे माझ्या खात्यात आले तर तो पैसा "माहेरचा" की "माझा" असा वाद उभा राहू शकतो.

दोघंही नसू तेव्हाची वाटणी मग सोपी झाली. जे उरेल त्याचे भाग: भाची, पुतण्या, नणंदेची मुलगी, एक संस्था, आणि वीस वर्षं आमच्या घरी काम करणाऱ्या मावशी. मावशींसाठी टक्के न ठेवता ठरावीक रक्कम ठेवली, कारण टक्क्यांचा हिशेब होईपर्यंत वर्षं जातात आणि त्यांना थांबवणं बरोबर नाही. शेतीचं नवऱ्याने एका वाक्यात संपवलं. त्याचा अविभक्त हिस्सा पुतण्याला, कारण जमीन तोच कसतो. वाटणी झाली नसली तरी आपला हिस्सा मृत्युपत्राने देता येतो.

कागद गोळा करणं हा कंटाळवाणा भाग, पण त्यातून काय काय बाहेर आलं! सोसायटीच्या नोंदीत नवऱ्याच्या नॉमिनी म्हणून सासूबाई. माझ्या पीएफला बाबा. दोघंही हयात नाहीत. विमा, बँक, डीमॅट, सगळीकडे कोणत्या तरी जुन्या वर्षी भरलेली नावं. नॉमिनी आणि वारस यांतला फरक तर वारंवार सांगावा लागतो, कारण बँकेतसुद्धा "नॉमिनी आहे ना, मग झालं" असंच सांगतात. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो. ते शेवटी कोणाचे, हे मृत्युपत्र नाहीतर वारसा कायदा ठरवतो. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. आयुर्विम्यात तेवढा अपवाद आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर नवरा, बायको, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर ती रक्कम सर्वसाधारणपणे त्यांचीच. म्हणून आम्ही मृत्युपत्रातली नावं आणि नॉमिनीची नावं जिथे जमेल तिथे एकसारखी केली. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार नॉमिनी देता येतात, कोणाला किती टक्के तेही लिहून. लॉकरला मात्र एकामागून एक असेच, म्हणजे पहिला हयात नसेल तर दुसरा, असे देता येतात. आईसाठी बाजूला काढलेल्या ठेवीवर बहिणीचं नाव असं वेगळं घालून घेतलं.

माझ्या नावांचा घोळ ही आणखी एक करमणूक. शाळेच्या दाखल्यावर आणि पीएफवर माहेरचं नाव. लग्नात नाव बदललं, ते फ्लॅटच्या करारात. आधारवर बदललेलं नाव पण स्पेलिंग तिसरंच. बाबांच्या घराच्या मिळकत पत्रिकेवर पुन्हा माहेरचं, तेही घरातल्या लाडक्या नावासकट. वकीलबाईंनी मृत्युपत्राच्या पहिल्याच परिच्छेदात "ऊर्फ" आणि "पूर्वाश्रमीचे नाव" लावत माझी चारही रूपं एका ओळीत बसवली. माझ्या वयाच्या बायकांनी हे आवर्जून करावं. आपण गेल्यावर "ही ती बाई नव्हेच" म्हणून बँक कागद परत पाठवते तेव्हा सांगायला आपण नसतो.

मसुद्याची भाषा ठरीव असते. "सदर मृत्युपत्र मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवीत आहे." नवऱ्याला हसू आवरेना. पण त्या ठरीव वाक्यांच्या मधेमधे जी आपली वाक्यं असतात ती नीट वाचायला हवीत. आमच्या मसुद्यात वकीलबाईंनी घातलेल्या काही गोष्टी मला कधी सुचल्या नसत्या. "माझे पती माझ्या मृत्यूनंतर तीस दिवस हयात असल्यास" ही अट, म्हणजे एकाच अपघाताचं गणित कायद्यावर सोडायला नको. ज्याला द्यायचं तो माझ्या आधी गेला तर कोणाला, हे प्रत्येक नावापुढे. नाहीतर ते देणं बहुधा बादच होतं. बँक खात्यांचे नंबर आणि रकमा नाहीत, कारण ठेवी मोडतात, नव्या होतात. "माझ्या नावे असलेल्या सर्व ठेवी" एवढंच, आणि नंबरांची यादी वेगळ्या वहीत. फ्लॅटबाबत "माझा जो काही हिस्सा असेल तो". संस्थेचं नाव बोलीतलं नाही, नोंदणी दाखल्यावर आहे तेच, नोंदणी क्रमांकासह. आणि शेवटी उर्वरित मिळकतीचं कलम, ज्यात वर न लिहिलेलं सगळं येतं.

एक परिच्छेद त्यांनी आमच्याकडून आमच्या शब्दांत लिहून घेतला. नवऱ्याच्या भावाला आणि बहिणीला थेट काही का देत नाही. कायद्याने जे वारस ठरले असते त्यांना कारण न देता वगळलेलं दिसलं की न्यायालय मृत्युपत्राकडे संशयाने बघतं. माझा पहिला मसुदा चांगला पानभर झाला होता. वकीलबाईंनी तो वाचून बाजूला ठेवला. "यात तक्रार दिसतेय. कारण लिहा." शेवटी दोन ओळी राहिल्या: दोघंही आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र आहेत, त्यांच्याशी आमचे संबंध प्रेमाचे आहेत आणि त्यांच्या मुलांना आम्ही हिस्सा देत आहोत.

साक्षीदार दोन लागतात. त्यांनी मृत्युपत्रातला मजकूर वाचायची गरज नसते, आपण सही करताना बघायचं आणि आपल्यासमोर सही करायची. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे तो साक्षीदार नको, आणि आपल्या वयाचाही शक्यतो नको, कारण पुढे न्यायालयात गरज पडलीच तर निदान एक साक्षीदार उभा राहायला हवा. आमच्या डॉक्टरबाई एक. आमच्याहून बऱ्याच लहान आहेत, आणि मानसिकदृष्ट्या सक्षम असल्याचा दाखलाही त्यांनीच दिला. दुसरा माझ्या ऑफिसातला तरुण सहकारी. एक्झिक्युटर, म्हणजे आपण गेल्यावर हे सगळं अमलात आणणारी व्यक्ती, म्हणून आधी एकमेकांना नेमलं आणि नंतरसाठी भाची. तिला विचारून. तिने आधी "मावशी, असलं काही बोलू नकोस ना" म्हटलं आणि मग दोन मिनिटांत विचारलं, "लॉकरची चावी कुठे असते?" तेव्हा माझी खात्री पटली की माणूस योग्य निवडलाय.

मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं मृत्युपत्रही पूर्ण वैध असतं. मुद्रांक शुल्क लागत नाही. तरी आम्ही नोंदणी केली, कारण नोंदवलेला कागद हरवला, फाटला, कोणी दडवला, तरी एक नोंद सरकारदरबारी राहते. महाराष्ट्रात नोंदणी फी १०० रुपये, शिवाय पानांप्रमाणे हाताळणी शुल्क. बाहेर काही एजंट याचेच हजारोंत पैसे सांगतात.

दुय्यम निबंधक कार्यालयात त्या दिवशी बहुतेक सगळे फ्लॅटच्या खरेदीखताला आलेले. नवी जोडपी, बिल्डरची माणसं, पेढ्यांचा बॉक्स. आमचा नंबर आला तेव्हा संगणकावरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "दस्ताचा प्रकार?" "मृत्युपत्र." आता तिने वर बघितलं. "कोणाचं?" "दोघांचं. दोन दस्त आहेत." फोटो, अंगठा, साक्षीदारांचे फोटो, त्यांचे अंगठे. माझा अंगठा मशीनला काही केल्या दिसेना; शेजारच्या शिपायाने ओला रुमाल दिला, बोट पुसून पुन्हा दाबलं, मग उमटला. साहेबांनी मला विचारलं, "हे तुम्ही स्वखुशीने करताय ना?" आणि नवऱ्याकडे बघून, "तुम्ही जरा बाजूला थांबा." मला ते फार आवडलं. तोच प्रश्न त्यांनी नवऱ्याला विचारला तेव्हा मलाही बाजूला थांबवलं.

ज्यांना कार्यालयापर्यंत जाता येत नाही त्यांच्यासाठी आजारपणासारख्या कारणाने अधिकारी घरी येऊ शकतात. आईचं मृत्युपत्र आता तसंच करायचं आहे.

सांगायचं की नाही, यावर आमचं एकमत नव्हतं. नवरा म्हणे, जिवंतपणी कशाला वाद. माझं म्हणणं, नंतर वाद झाला तर समजावायला कोण आहे? शेवटी त्याने भावजींना फोन केला, मी शेजारी बसले. शेतीचा हिस्सा पुतण्याला हे ऐकून पलीकडे शांतता. मग ते म्हणाले, "अरे, तुझ्या वहिनीला मी कितीदा म्हटलं, याचं काय करायचं ते याला विचारायला हवं, पण विचारणार कसं?" म्हणजे तिकडेही हा विषय शिजत होता. मग मी फोन घेतला आणि माझ्या कमाईचं सांगितलं. "तुझा पैसा तुझ्या आईला जायला नको तर काय मला?" असं ते जवळजवळ रागावून म्हणाले. कलम १५ त्यांना सांगितल्यावर त्यांचा विश्वासच बसेना. त्यांनी आपल्या धाकट्या सुनेला, जी नोकरी करते आणि जिला अजून मूल नाही, फोनवरच हाक मारली.

नणंदेची प्रतिक्रिया थोडी थंड होती. तिला मुलीऐवजी स्वतःला काही मिळावं असं वाटत असावं. तिने ते म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मूळ मृत्युपत्रं लॉकरमध्ये ठेवणार होतो. पण लॉकर माझ्या एकटीच्या नावावर. मी गेल्यावर तो उघडण्यासाठीच कागदपत्रं लागणार, आणि ती नेमकी आत. म्हणून मूळ घरच्या कपाटात, भाचीला जागा माहीत, आणि नोंदणी क्रमांक तिच्याकडे लिहून. नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल आपण जिवंत असेपर्यंत दुसऱ्या कोणाला मिळत नाही. मृत्यूनंतर अर्ज करणाऱ्याला मिळते. त्यामुळे क्रमांक कोणाला कळला तरी बिघडत नाही.

नेत्रदान आणि देहदानाचं मात्र मृत्युपत्रात काहीही लिहिलं नाही. मृत्युपत्र उघडेपर्यंत बरेचदा दिवसकार्य होऊन गेलेलं असतं, आणि डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. त्याचे फॉर्म वेगळे भरले आणि नातेवाईकांना तोंडी सांगितलं. उपचार कधी थांबवायचे याचं वैद्यकीय इच्छापत्र हाही स्वतंत्र कागद आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. ते नवऱ्याने केलंय. माझं अजून टेबलावर आहे, कारण निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून कोणाचं नाव टाकायचं यावर माझं ठरत नाही. त्याचं टाकावं, तर तो माझ्या बाबतीत "थांबवा" म्हणू शकेल असं मला वाटत नाही. भाचीचं टाकावं, तर पैशांचा व्याप आधीच तिच्यावर टाकलाय. बहीण म्हणते माझं टाक. पुढच्या आठवड्यात डॉक्टरबाईंची वेळ घेतली आहे, त्यांना विचारून मग फॉर्म पूर्ण करीन.